टूरला जोडून घेतलेली सुट्टी आणि टीए बिल

सरकारी दौऱ्याला जोडून दोन दिवस स्वतःसाठी काढता येतात का, हा प्रश्न आमच्याकडे नेहमी दबक्या आवाजात विचारला जातो. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात टीए बिले, म्हणजे दौऱ्याच्या प्रवासभत्त्याची बिले, तपासण्याचे काम मी बराच काळ करत आलो आहे आणि या प्रश्नाला माझे उत्तर ‘हो, खुशाल काढा’ असेच असते. नियमांना खासगी प्रवासाचे वावडे नाही. त्याचा खर्च सरकारच्या माथी येऊ नये, एवढेच ते पाहतात. अडचण होते ती पुढच्या टप्प्यावर, म्हणजे बिल भरताना, कारण सरकारी भाग कुठे संपला आणि खासगी भाग कुठे सुरू झाला याची रेघ बहुतेकांनी निघण्यापूर्वी आखलेलीच नसते. पुढचे सगळे विवेचन केंद्रीय कर्मचाऱ्यांपुरते आहे. राज्य सरकारचे प्रवासभत्त्याचे नियम आणि दर वेगळे आहेत, त्यामुळे त्या मंडळींनी यातले आकडे जसेच्या तसे उचलू नयेत.

या विषयावर स्वतंत्र, सलग असा नियमांचा संच नाही. जे आहे ते दोन जुन्या नियमांतून निघते. मूलभूत नियमांतला नियम ४४ सांगतो की भत्त्याची रक्कम अशी ठरवावी की तो भत्ता घेणाऱ्याला एकंदरीत नफ्याचे साधन होणार नाही. पूरक नियमांतला नियम ३० सांगतो की दोन ठिकाणांमधला प्रवास सोयीच्या मार्गांपैकी सर्वांत जवळच्या मार्गाने, आणि तसे मार्ग सारख्याच अंतराचे असतील तर त्यांतल्या स्वस्त मार्गाने, झाला असे धरायचे. हे दोन नियम शेजारी ठेवले की तपासणाऱ्याचे काम स्पष्ट होते. तुम्ही प्रत्यक्षात कुठे कुठे गेलात हे बाजूला ठेवून, खासगी काम मध्ये आलेच नसते तर तुम्ही कधी निघाला असता, कोणत्या मार्गाने गेला असता आणि कधी परतला असता, तो न झालेला प्रवास मी कागदावर मांडतो. त्या प्रवासाला जेवढा खर्च आला असता तेवढ्यापुरते तुमचे बिल ‘रिस्ट्रिक्ट’ होते, आणि प्रत्यक्ष खर्च त्याहून कमी असेल तर प्रत्यक्ष खर्च मिळतो. दोन्हींपैकी जे कमी ते.

एक उदाहरण घेऊ. यातली भाडी मी समजण्यापुरती धरली आहेत. पुण्यातल्या कार्यालयातल्या लेव्हल १० या वेतनस्तरातल्या अधिकाऱ्याची दिल्लीत गुरुवारी आणि शुक्रवारी बैठक आहे. बैठक शुक्रवारी सायंकाळी पाच वाजता संपते. त्याची बहीण चंडीगडला असते, म्हणून तो शुक्रवारी रात्री रेल्वेने चंडीगडला जातो आणि रविवारी रात्री चंडीगडहून विमानाने थेट पुण्याला येतो. पुणे ते दिल्ली जाण्याचे भाडे ६,००० रुपये. शुक्रवारी रात्रीच्या दिल्ली-पुणे विमानाचे भाडे ७,५०० रुपये होते. चंडीगड-पुणे विमानाला त्याने प्रत्यक्षात ९,२०० रुपये मोजले. जाण्याचे ६,००० निर्विवाद मिळतात. परतीच्या ९,२०० पैकी ७,५०० मिळतात आणि वरचे १,७०० त्याच्या खिशातून जातात. चंडीगडचे रेल्वेभाडेही त्याचेच.

इथे हमखास एक युक्तिवाद पुढे येतो. ‘रविवारी दिल्लीहून पुण्याचे भाडे ११,००० होते, मी चंडीगडहून आलो म्हणून सरकारचे १,८०० वाचले.’ ऐकायला बरे वाटते, पण हे मान्य करता येत नाही, कारण रविवारपर्यंत तुम्हाला दिल्लीत थांबवण्याचे सरकारला काही कारणच नव्हते. तुलना नेहमी शुक्रवारच्या भाड्याशी होणार. याच हिशेबाची उलट बाजूही लक्षात ठेवावी. रविवारचे परतीचे भाडे शुक्रवारपेक्षा कमी लागले, तर जे प्रत्यक्षात लागले तेच मिळते आणि वाचलेली रक्कम तुमची होत नाही. नियम ४४ मधला नफ्याचा मुद्दा तो हाच.

एका बाबतीत मात्र माझे आणि माझ्या काही सहकाऱ्यांचे जमत नाही. समजा चंडीगड-पुणे भाडे ५,८०० आहे आणि दिल्ली-चंडीगड रेल्वेचे ९०० आहे. दोन्ही मिळून ६,७००, म्हणजे थेट परतीच्या ७,५०० पेक्षा कमीच. काहीजण चंडीगडचा टप्पा खासगी म्हणून सरळ कापतात आणि ५,८०० पास करतात. मला वाटते की दिल्लीहून पुण्याला परत येण्याचा तो एकच, जरा लांबचा प्रवास आहे आणि त्याचा एकूण खर्च थेट मार्गाच्या खर्चात बसत असेल तर तो नाकारण्यात अर्थ नाही. पूरक नियम ३० मध्येही लांबचा मार्ग जवळच्या मार्गापेक्षा स्वस्त पडत असेल तर त्याला वाव आहे. अर्थात, हे माझे मत झाले. ज्याचे बिल आहे त्याने बिल मंजूर करणाऱ्या आपल्या कंट्रोलिंग ऑफिसरकडून हे आधीच ठरवून घ्यावे, कारण नंतर वाद घालण्यात रकमेपेक्षा जास्त वेळ जातो.

आता शुक्रवारचे भाडे ७,५०० होते हे सिद्ध कसे करायचे? विमानाची भाडी तासागणिक बदलतात, आणि बिल भरायला बसल्यावर तीन आठवड्यांपूर्वीचे भाडे कोठेही सापडत नाही. म्हणून तिकीट ज्या दिवशी काढले त्याच दिवशी थेट परतीच्या प्रवासाचे भाडे दाखवणाऱ्या पानाची प्रत काढून ठेवावी. ती प्रत अधिकृत प्रवास संस्थेच्या संकेतस्थळाची असावी. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी अशा संस्था तीनच आहेत: बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी. वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाने जून २०२२ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार प्रवासाच्या किमान २१ दिवस आधी तिकीट काढणे अपेक्षित आहे. ठरलेल्या तीन तासांच्या टप्प्यातले, आपल्या पात्रतेच्या वर्गातले, सर्वांत स्वस्त थेट विमान निवडायचे आहे, आणि ७२ तासांच्या आत तिकीट काढले तर त्याचे कारण लिहून द्यायचे आहे. तुलनेचे भाडेही याच कसोटीवर उतरले पाहिजे. शुक्रवारचे सगळ्यात महाग विमान निवडून त्याच्याशी तुलना करणारी प्रत मी पाहिली आहे. त्याच टप्प्यात पुढच्याच ओळीला स्वस्त विमान होते आणि ते त्याच पानावर दिसत होते.

भाड्याचा प्रश्न तसा सोपा आहे, कारण तिथे कागद असतो. दैनिक भत्त्याच्या बाबतीत कागदच उरलेला नाही. सातव्या वेतन आयोगानंतर जुलै २०१७ मध्ये जो आदेश निघाला त्याने जेवणखर्चाची बिले जोडण्याची पद्धत बंद केली आणि ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. त्या आदेशाप्रमाणे लेव्हल ९ ते ११ साठी जेवणापोटी दिवसाला ९०० रुपये, हॉटेलसाठी २,२५० रुपयांपर्यंत आणि शहरांतर्गत प्रवासासाठी ३३८ रुपयांपर्यंत असे दर होते. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की हे दर २५ टक्क्यांनी वाढतात अशी तरतूद त्याच आदेशात आहे आणि जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता ५० टक्के झाला, त्यामुळे आजचा दर पाहूनच बिल करावे. जेवणाची रक्कम मुख्यालयाबाहेर, म्हणजे नेमणुकीच्या ठिकाणाबाहेर, किती वेळ होतात त्यावर ठरते. मध्यरात्र ते मध्यरात्र असा एक दिवस धरायचा. त्यात सहा तासांपेक्षा कमी अनुपस्थिती असेल तर ३० टक्के, सहा ते बारा तास असेल तर ७० टक्के आणि बारा तासांच्या वर असेल तर पूर्ण.

आपल्या पुण्याच्या अधिकाऱ्याचाच हिशेब, समजण्यापुरता २०१७ च्या दरांनी, पुढे नेऊ. तो बुधवारी सायंकाळी पाच वाजता पुण्याहून निघाला, म्हणजे बुधवारचे सात तास, त्याचे ७० टक्के दराने ६३० रुपये. गुरुवारचे ९००. शुक्रवारी बैठकीनंतर तो थेट निघाला असता तर रात्री साडेअकराच्या सुमारास पुण्यात पोहोचला असता, म्हणून शुक्रवारचेही पूर्ण ९००. एकूण २,४३०, आणि हॉटेलच्या दोन रात्री, बुधवार आणि गुरुवारच्या. शनिवार-रविवारचे काही नाही. रविवारी तो प्रत्यक्ष प्रवासात होता म्हणून त्या दिवसाचा भत्ता मागणारे बरेच असतात, पण न झालेल्या प्रवासात तो शुक्रवारीच घरी पोहोचलेला आहे. त्याच्या पुढचा प्रत्येक तास त्याचा स्वतःचा आहे. पावत्या नसल्यामुळे तपासणाऱ्याच्या हाती निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ एवढेच उरते, आणि म्हणूनच त्या वेळा बिलात जशा घडल्या तशा लिहाव्यात. खासगी भागाच्या वेळाही लिहाव्यात. त्या वगळून जणू शुक्रवारीच परतलो असे लिहिलेले बिल, सोबत जोडलेल्या रविवारच्या बोर्डिंग पाससमोर फार वाईट दिसते.

मधल्या शनिवार-रविवारचा प्रकार याहून नाजूक आहे. समजा काम शुक्रवारीही आहे आणि सोमवारीही आहे. अशा वेळी दोन दिवसांसाठी पुण्याला येऊन परत जाण्यापेक्षा दिल्लीत थांबणे शहाणपणाचे असते आणि सुट्टीच्या दिवसांचा दैनिक भत्ताही मिळतो. पण त्याला एक अट आहे: तुम्ही त्या दिवशी खरोखर कॅम्पवर, म्हणजे दौऱ्याच्या मुक्कामी, असले पाहिजे, नुसते कागदोपत्री नव्हे. शनिवारी सकाळी आग्र्याला जाऊन रविवारी रात्री परत आलात, तर ते दोन दिवस तुम्ही कॅम्पवर नव्हता. दौऱ्याच्या बिलाचा जो नमुना आहे, जीएआर १४-ए, त्यात यासाठी स्वतंत्र रकाना आहे. मुक्कामाच्या ठिकाणाहून अनुपस्थित असल्याच्या तारखा तिथे विचारलेल्या आहेत, आणि त्याचे दोन उपरकाने आहेत: एक आरएच (ऐच्छिक सुट्टी) आणि सीएल (नैमित्तिक रजा) यांमुळे झालेल्या अनुपस्थितीसाठी, दुसरा रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी प्रत्यक्ष कॅम्पवर नसल्याबद्दल. माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक बिलांत त्या दोन्ही ठिकाणी एक तिरपी रेघ मारलेली असते, आणि ती रेघ मारताना तिथे काय विचारले आहे ते कितीजण वाचतात याबद्दल मला शंका आहे. त्या रेघेखाली सही असते, म्हणजे ते तुमचे निवेदन ठरते. आग्र्याला गेल्याने काही बिघडत नाही. तारखा लिहायच्या आणि त्या दिवसांचा भत्ता सोडून द्यायचा. आग्र्याच्या रात्रीसाठी दिल्लीतली खोली तशीच राखून ठेवली असेल, तर तिचे त्या रात्रीचे भाडेही मागू नये.

दौऱ्यावर असताना नैमित्तिक रजा घेता येते, पण त्या दिवसाचा दैनिक भत्ता मिळत नाही. रजा नैमित्तिक की अर्जित हे ठरवताना एवढेच ध्यानात ठेवावे की नैमित्तिक रजेला दुसरी नियमित रजा जोडता येत नाही. अर्जित रजा दौऱ्याला जोडायची असेल तर रजा मंजुरीच्या आदेशातच परतीच्या प्रवासाचा उल्लेख करून घ्यावा: दौऱ्याच्या ठिकाणाहून मुख्यालयापर्यंतचे थेट भाडे ग्राह्य राहील, असे एक वाक्य पुरते. ते वाक्य नसल्यामुळे परतीचे संपूर्ण भाडेच वादात सापडल्याचे मी पाहिले आहे. शनिवार-रविवारसाठी रजा लागत नाही हे खरे, पण मुख्यालय सोडण्याची परवानगी लागते, आणि दौऱ्याच्या मंजुरीत परतीची तारीख शुक्रवार असेल तर पुढचे दोन दिवस त्या मंजुरीत बसत नाहीत. टूर प्रोग्राम मंजुरीला पाठवतानाच ‘शनिवार व रविवार स्वखर्चाने चंडीगड येथे, रविवारी रात्री मुख्यालयी परत’ असे लिहून टाकावे. साहेब नाही म्हणतील या भीतीने लोक ही ओळ टाळतात. माझा अनुभव असा की ती ओळ असलेल्या फायलीकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही.

आधी जाण्याचा हिशेबही याच पद्धतीने होतो. सोमवारी चेन्नईत काम आहे आणि तुम्ही शुक्रवारी रात्रीच निघालात, तर दैनिक भत्ता तुम्ही कामासाठी ज्या वेळी निघाला असता त्या वेळेपासून सुरू होतो, बहुधा रविवार सायंकाळपासून. भाड्याची तुलनाही रविवारच्या भाड्याशी.

कुटुंब बरोबर असेल तर तिकिटे शक्यतो वेगळी काढावीत. अधिकृत संस्थेमार्फत कार्यालयाच्या खात्यावर फक्त स्वतःचे आणि फक्त सरकारी टप्प्याचे तिकीट असावे. खासगी टप्पा आणि कुटुंबाची तिकिटे स्वतःच्या पैशांनी स्वतंत्रपणे काढावीत. एकाच तिकिटात पुणे-दिल्ली-चंडीगड-पुणे असा फेरा मारलेला असला की त्यातला कोणता हिस्सा किती रुपयांचा हे कोणालाच सांगता येत नाही आणि तपासणारा, साहजिकच, सरकारच्या बाजूने अंदाज बांधतो. हॉटेलमध्ये दोघांची खोली घेतली असेल तर एकट्याच्या खोलीचा त्या दिवसाचा दर हॉटेलकडून बिलावरच लिहून घ्यावा आणि तेवढाच मागावा. तुमची मर्यादा समजा २,२५० आहे आणि दोघांच्या खोलीचे भाडे २,१०० आहे म्हणून सगळेच्या सगळे मागायचे, हे मला पटत नाही. बदललेल्या तारखांचा खर्च कोणाचा, याचे उत्तर बदल कोणामुळे झाला यात असते. बैठक पुढे गेली म्हणून तिकीट रद्द करावे लागले तर तो खर्च कार्यालयाचा. बहिणीकडचा कार्यक्रम पुढे गेला म्हणून परतीची तारीख बदलली तर तो तुमचा.

विमान कंपन्यांकडून मिळणाऱ्या मैलांच्या गुणांबद्दल लोकांना वाटते की ते आपल्या नावावर जमा होतात म्हणून ते आपले. केंद्र सरकारची भूमिका तशी नाही. सरकारी तिकिटावर मिळालेले गुण विभागाने पुढच्या सरकारी प्रवासासाठी वापरायचे आहेत आणि ते खासगी प्रवासाला वापरल्यास विभागीय कारवाई होऊ शकते, असे स्पष्ट आदेश आहेत. अमेरिकेत २००१ च्या अखेरीस कायदा बदलून तिथल्या संघीय कर्मचाऱ्यांना हे गुण स्वतःकडे ठेवायची मुभा दिली गेली. आपल्याकडचा नियम तत्त्वाला धरून आहे, पण गुण प्रवाशाच्या वैयक्तिक खात्यात जमा होत असताना विभागाने त्यांचा हिशेब कसा ठेवावा हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही. तरीसुद्धा, दौऱ्याच्या खासगी टप्प्याचे तिकीट या गुणांवर काढू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

एलटीसीची, म्हणजे रजा प्रवास सवलतीची, गोष्ट वेगळी, कारण तिथे खासगी प्रवासाचा खर्च देण्याची जबाबदारी सरकारनेच घेतलेली आहे. पूर्वपरवानगी घेऊन दौऱ्याच्या ठिकाणाहून परस्पर एलटीसीवर जाता येते. तेव्हा मुख्यालय ते दौऱ्याचे ठिकाण एवढा प्रवास टीएच्या बिलात येतो आणि तिथून पुढचा एलटीसीच्या. एक टप्पा दोन्हीकडे दाखवता येत नाही. एलटीसीत दैनिक भत्ता नसतो आणि स्थानिक प्रवासाचा खर्चही मिळत नाही, त्यामुळे दौरा संपल्याची वेळ इथे जास्तच काटेकोरपणे लिहावी लागते. कुटुंब मुख्यालयाहून वेगळे निघणार असेल तर त्यांचा एलटीसीचा दावा त्यांच्या मार्गाप्रमाणे होतो.

परदेश दौऱ्याला खासगी मुक्काम जोडण्याच्या फंदात, शक्य असेल तर, पडू नये. खासगी परदेश प्रवासाला वेगळी परवानगी लागते आणि दौऱ्याच्या मंजुरीत ती अध्याहृत धरता येत नाही.

खोट्या दाव्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. रक्कम पाचशे रुपयांची असली तरी प्रश्न सचोटीचा होतो, आणि वर्तणूक नियम १९६४ मधल्या नियम ३ खाली आरोपपत्र निघू शकते. पण मी पाहिलेल्या गोंधळांपैकी बहुतेकांत खोटेपणा नव्हताच. निघताना जे ठरवले ते कोठे लिहिलेले नव्हते, आणि परतल्यावर आठवणीवर बिल भरलेले होते.

मुदतीचा मुद्दा राहिला. मार्च २०१८ पासून दौऱ्याचे बिल प्रवास पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांत सादर करावे लागते; पूर्वी ही मुदत एक वर्ष होती. मुदत टळली की दावा बुडतो. दौऱ्याला रजा जोडलेली असेल तर हे ६० दिवस सरकारी काम संपल्यापासून मोजायचे की प्रत्यक्ष मुख्यालयी पोहोचल्यापासून, यावर वाद होऊ शकतो, आणि लांबच्या अर्जित रजेत हा फरक काही आठवड्यांचा असतो. मी सर्वांना आधीची तारीख धरायला सांगतो. परतीचे तिकीट रजेच्या शेवटचे असेल तर परतल्याच्या आठवड्यातच, भाड्याच्या तुलनेची प्रत, रजेचा आदेश आणि मंजूर टूर प्रोग्राम जोडून, बिल लेखा शाखेत द्यावे आणि पोच घ्यावी.